‘सुप्रीम कोर्टात जाऊ’ म्हणजे आधी परवानगी मागू

सोसायटीच्या सभेत आवाज चढला की कुणीतरी म्हणतंच, “सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊ.” बोलणाऱ्याच्या डोक्यात एक जिना असतो: खालचं कोर्ट, त्यावर हायकोर्ट, त्यावर सुप्रीम कोर्ट. पैसे आणि चिकाटी असली की पायऱ्या चढत जायचं. यातली शेवटची पायरी मात्र जिन्याचा भाग नाही. तिथे बंद दार आहे, आणि बहुतेक प्रकरणं त्या दाराबाहेरूनच परत येतात.

गिरगावातल्या चाळीतली पागडीची एक खोली घेऊ. मालक म्हणतो, मला स्वतःच्या कुटुंबासाठी जागा हवी. भाडेकरू म्हणतो, तुझी गरज खोटी. 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याखालचा हा दावा धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात, म्हणजे आपल्या बोलीतल्या ‘स्मॉल कॉज’मध्ये लागतो. साक्षी, पावत्या, उलटतपासणी, सगळं इथेच होतं. निकालावर अपील त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे. कायद्याने दिलेलं अपील इथे संपतं. कलम 34 तसं स्पष्ट सांगतं.

त्यापुढे उच्च न्यायालयात जाता येतं, पण ते अपील नसतं. पुनरीक्षण अर्ज किंवा घटनेच्या अनुच्छेद 227 खालची याचिका असते. खालच्या कोर्टाने अधिकाराबाहेर जाऊन काही केलं का, पुराव्याच्या अगदी उलट निष्कर्ष काढला का, एवढंच तिथे पाहिलं जातं. कुठला साक्षीदार खरा वाटतो हे पुन्हा तोललं जात नाही. म्हणजे खोलीची फाइल दिल्लीला निघते तेव्हा तीन न्यायालयांनी ती चाळून झालेली असते. तिघांचं मत एकच असेल तर वकील मान हलवून म्हणतात, “कन्करंट फाइंडिंग्ज आहेत,” म्हणजे आता फार आशा धरू नका.

दिल्लीत दाखल होते ती विशेष अनुमती याचिका, कोर्टाच्या भाषेत एसएलपी. ‘अनुमती’ हाच यातला कळीचा शब्द. अनुच्छेद 136 सर्वोच्च न्यायालयाला देशातल्या जवळपास कुठल्याही न्यायालयाच्या किंवा न्यायाधिकरणाच्या निकालावर अपील ऐकण्याची मुभा देतो (लष्करी न्यायालयं तेवढी वगळली आहेत). पक्षकाराला मात्र तो कुठलाही हक्क देत नाही. तुम्ही अपील करत नसता. अपील करू द्या अशी विनंती करत असता.

हक्काने अपील करता येईल अशी प्रकरणं मोजकी आहेत. खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलेल्या आरोपीला उच्च न्यायालयाने फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षांहून कमी नाही अशी शिक्षा दिली तर. किंवा एखादा कायदाच तशी वाट देत असेल तर: शेअर बाजाराचे वाद ऐकणाऱ्या, मुंबईतल्याच रोखे अपील न्यायाधिकरणाच्या निकालावर कायद्याच्या मुद्द्यापुरतं अपील हायकोर्टाला वगळून थेट दिल्लीला जातं, मुदत 60 दिवस. दिवाणी वादात उच्च न्यायालय स्वतःच प्रमाणपत्र देऊ शकतं की यात सार्वत्रिक महत्त्वाचा कायदेशीर प्रश्न आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयाने सोडवायला हवा. असं प्रमाणपत्र क्वचितच मिळतं.

दारापर्यंत पोचण्याआधी काय बिघडतं

पहिली चूक दिल्लीत होत नाही, हुतात्मा चौकाशेजारच्या हायकोर्टात होते. याचिका फेटाळली गेली, भाडेकरू आणि वकील निराश होऊन बाहेर पडले, संपलं. खरं तर त्याच क्षणी उभं राहून म्हणायला हवं होतं की आम्हाला वर जायचं आहे, आत्तापर्यंतचं संरक्षण आणखी सहा किंवा आठ आठवडे चालू ठेवा. ही विनंती तोंडी केली जाते आणि अनेकदा मान्यही होते. ती केली नाही तर काय? एसएलपी दाखल केल्याने खालच्या आदेशाला आपोआप स्थगिती मिळत नाही. दिल्लीत डायरी नंबर, म्हणजे याचिका पोचल्याची नोंद, पडलेला असतो आणि इकडे बेलिफ, म्हणजे ताबा घ्यायला आलेला कोर्टाचा माणूस, दारात उभा असतो.

दुसरी गोष्ट मुदतीची. उच्च न्यायालयाच्या निकालापासून 90 दिवस. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो. ‘तब्येत बरी नव्हती’ एवढ्यावर भागत नाही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत काय अडचण होती ते मांडावं लागतं. सरकारी खात्यांना वाटतं आपली फाइल टेबलावरून टेबलावर फिरत होती हे कारण पुरेसं आहे. त्यावर कोर्टाने त्यांना वारंवार झापलं आहे, तरी सवय जात नाही.

तिसरी गोष्ट वकिलाची. मुंबईचा वकील दिल्लीत युक्तिवाद करू शकतो, पण सर्वोच्च न्यायालयात कागद दाखल करण्याचा अधिकार वकिलांपैकी फक्त ‘अॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड’ला (एओआर). त्यासाठी किमान चार वर्षांची वकिली, मग एक वर्ष अशाच वकिलाकडे उमेदवारी, त्यानंतर कोर्टाचीच परीक्षा. त्याचं कार्यालय कोर्टापासून 16 किलोमीटरच्या आत असावं लागतं. नोटिसा त्याच्याकडे येतात, कागदपत्रांची जबाबदारी त्याची. मोठ्या नावाचे सिनियर कौन्सेल स्वतः वकालतनामा घेऊ शकत नाहीत, आणि या वकिलाशिवाय उभेही राहू शकत नाहीत. म्हणून मुंबईच्या पक्षकाराचे साधारण तीन वकील होतात: इथला, ज्याला प्रकरण तोंडपाठ आहे, दिल्लीचा ‘एओआर’, ज्याच्या नावाने फाइल चालते, आणि जमलं तर सिनियर, जो त्या दिवशी बोलतो. पहिल्याने तिसऱ्याला वेळेवर आणि नीट माहिती दिली नाही तर फी वाया. खर्च झेपत नसेल तर सर्वोच्च न्यायालय विधी सेवा समिती मोफत वकील देते. महिला, मुलं, कोठडीतले, अपंग, अनुसूचित जाती-जमातींतले अर्जदार यांना उत्पन्नाची अट नाही.

मग कागद. ए-फोर आकाराचा, निदान 75 जीएसएम, दोन्ही बाजूंनी छपाई, अक्षर 14 आकाराचं, ओळींत दीडपट अंतर, डावी-उजवीकडे चार सेंटिमीटर समास. याचिकेच्या पुढे सारांश आणि तारखांची यादी लागते. तारखांची यादी हलक्यात घेऊ नये. न्यायमूर्ती आदल्या रात्री फाइल वाचतात तेव्हा आधी तीच वाचतात. रजिस्ट्री प्रत्येक फाइल तपासून दोष काढते आणि दोष दूर होईपर्यंत प्रकरणाला नुसता डायरी नंबर असतो, सुनावणीची तारीख नसते. मुंबईच्या फाइलींतला नेहमीचा दोष भाषेचा. अनुच्छेद 348 मुळे सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, तर स्मॉल कॉजमधली भाडेपावती, पंचनामा, एखाद्या साक्षीदाराचा जबाब मराठीत. प्रत्येकाचं भाषांतर हवं. आजोबांच्या काळातली पुसट पावती असेल तर ती टाइप करून जोडावी लागते. हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकललं की 90 दिवस हातातून जातात.

आणखी एक: खालच्या कोर्टात न दाखवलेलं कागदपत्र इथे हळूच घुसवता येत नाही. याचिकेत फक्त खालच्या नोंदीतलंच आहे असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. नवं काही हवं असेल तर वेगळा अर्ज. समोरच्याने आधीच कॅव्हेट, म्हणजे ‘आधी मला ऐका’ असा अर्ज, टाकून ठेवलं असेल, आणि जिंकलेला मालक ते टाकतोच, तर त्याला ऐकल्याशिवाय एकतर्फी स्थगिती मिळत नाही.

दारातली दोन मिनिटं

नव्या याचिकांच्या दिवशी एकेका कोर्टापुढे पन्नासच्या आसपास प्रकरणं असू शकतात. कामाची वेळ साडेदहा ते चार, मध्ये एक ते दोन जेवणाची सुट्टी. फलकावर आयटम नंबर सरकत जातो. आपला नंबर येतो, वकील उभा राहतो. समोरचे दोन न्यायमूर्ती फाइल वाचून आलेले असतात, म्हणून ‘प्रकरणाची पार्श्वभूमी अशी की’ अशी सुरुवात करणारा वकील पहिल्याच वाक्यात वेळ घालवतो. प्रश्न येतो: हायकोर्टाचं नेमकं काय चुकलं? इथे ‘अन्याय झाला’ हे उत्तर चालत नाही. ‘अमुक कलमाचा अर्थ दोन हायकोर्टांनी वेगवेगळा लावला आहे’, ‘नोटीस न देताच आदेश झाला’, ‘याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या निकालाच्या विरुद्ध हा निकाल आहे’, असं काही हाती असेल तर न्यायमूर्ती मान वर करून ऐकतात.

मग एक-दोन शब्दांचा आदेश. ‘डिसमिस्ड’ म्हणजे परवानगी नाकारली. ‘इश्यू नोटीस’ म्हणजे समोरच्याला बोलावू, मग ठरवू. याने जिंकल्यासारखं वाटतं, पण दार नुसतं किलकिलं झालेलं असतं. ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे परवानगी मिळाली, आता याचिकेचं अपील झालं, नंबरही बदलतो. भाड्याच्या प्रकरणांत चौथा प्रकारही नेहमीचा: याचिका फेटाळतो, पण खोली रिकामी करायला सहा महिने किंवा वर्ष देतो, चार आठवड्यांत हमीपत्र द्या. हमीपत्रात असतं की थकबाकी भरू, तिसऱ्याला जागा देणार नाही, अमुक तारखेला शांतपणे ताबा देऊ. हे लिहून देऊन नंतर टाळाटाळ केली की प्रकरण भाड्याचं राहत नाही, न्यायालयाच्या अवमानाचं होतं. हे हमीपत्र म्हणजे नुसती औपचारिकता असं समजणारे भाडेकरू फसतात.

आता वर्तमानपत्रांत हमखास चुकणारी गोष्ट. एसएलपी एका ओळीत फेटाळली गेली की मथळा येतो: ‘हायकोर्टाच्या निकालावर सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब’. तसं नसतं. 2000 सालच्या कुन्हयम्मद निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच हे सविस्तर सांगितलं आहे: कारण न देता परवानगी नाकारली म्हणजे खालचा निकाल बरोबर ठरवला असं होत नाही, तो आमच्या निकालात विलीन होत नाही, आणि अनुच्छेद 141 खाली देशभर बंधनकारक असा कायदाही त्यातून तयार होत नाही. एवढंच ठरतं की या प्रकरणात आम्ही हात घालणार नाही. म्हणून तुमच्या चाळीतल्या शेजाऱ्याची याचिका फेटाळली गेली यावरून तुमच्या प्रकरणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. परवानगी देऊन, अपील ऐकून निकाल दिला तर मात्र गोष्ट वेगळी.

मग कशासाठी दार उघडतं

एका खोलीचा वाद नाकारणारं हेच न्यायालय मुंबईच्या भाड्यांवर दोनदा खोलवर बोललं आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडं 1940 च्या पातळीला गोठवलं होतं. हे मनमानी झालं आहे असं मालकांचं म्हणणं मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये मान्य केलं. कायदा मात्र लगेच रद्द केला नाही, कारण त्याची मुदत मार्च 1998 ला संपत होती आणि सरकार नवा आणणार होतं. आजचा 1999 चा कायदा त्यानंतरचा.

दुसरं प्रकरण उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींचं. म्हाडा कायद्यातल्या प्रकरण 8-अ (चॅप्टर) ने 70 टक्के रहिवाशांच्या मागणीवर अशी इमारत मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदल्यात संपादित करायची सोय केली. मालक संघटनेचं आव्हान 1991 ला उच्च न्यायालयात फसलं आणि दिल्लीला गेलं. प्रश्न होता, खासगी मालमत्ता ही घटनेच्या अनुच्छेद 39(ब) मधली ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरते का? जुन्या निकालांची सावली अशी होती की छोट्या पीठाला तो सोडवता येईना. तीन, पाच, सात असं वाढत 2002 साली तो नऊ न्यायमूर्तींकडे सोपवला गेला आणि उत्तर आलं 5 नोव्हेंबर 2024 ला: प्रत्येक खासगी मालमत्ता त्यात बसत नाही. गंमत म्हणजे प्रकरण 8-अ वैध की अवैध, हा मालकांचा मूळ वाद त्या नऊ जणांनी ठरवलाच नाही. तो त्यांच्यापुढे नव्हताच.

या प्रकरणात न्यायालयाची सगळी रचना दिसते. मंजूर संख्या सुरुवातीला, 1950 साली, सरन्यायाधीशांसह आठ होती. 2019 साली ती 34 झाली. पण हे सगळे एकत्र कधीच बसत नाहीत. रोजचं काम दोघांच्या किंवा तिघांच्या पीठांत चालतं. घटनेच्या अर्थाचा मोठा प्रश्न असेल तर अनुच्छेद 145(3) नुसार किमान पाच. आजवरचं सर्वात मोठं पीठ केशवानंद भारती प्रकरणाचं, 13 जणांचं. सुनावणी 68 दिवस चालली आणि 24 एप्रिल 1973 चा निकाल 7 विरुद्ध 6 असा लागला. नानी पालखीवाला त्यात मुंबईहून जाऊन लढले. नियम साधा: लहान पीठाला मोठ्या पीठाचा निकाल मोडता येत नाही, पटत नसेल तर सरन्यायाधीशांना सांगून मोठं पीठ मागायचं. दोघांत मतभेद झाला तरी फाइल सरन्यायाधीशांकडेच जाते.

कुठलं प्रकरण कुठल्या पीठाकडे हे ठरवणारे सरन्यायाधीशच, म्हणून त्यांना ‘मास्टर ऑफ द रोस्टर’ म्हणतात. निकाल देताना त्यांचं मत इतरांइतकंच, पण हा कारभाराचा अधिकार फार मोठा आहे. याच वाटपावर नाराज होऊन 12 जानेवारी 2018 ला चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकार परिषद घेतली होती. शिवाय सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेने मिळतं आणि निवृत्ती 65 ला, त्यामुळे कारकीर्द नशिबावर: यशवंतराव चंद्रचूड सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीश होते, उदय लळित 74 दिवस, कमल नारायण सिंह अवघे 17 दिवस. एवढ्यात कुणी काय सुधारणार?

नेमणुका कॉलेजियम सुचवतं: सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठतम न्यायमूर्ती. घटनेत हा शब्द नाही. 1993 च्या निकालातून आणि न्यायालयाने 1998 साली दिलेल्या सल्लागार मतातून ही पद्धत आली. संसदेने आणलेला नियुक्ती आयोग 2015 साली न्यायालयाने 4 विरुद्ध 1 ने रद्द केला.

अपिलाशिवायची दारंही आहेत. राज्य विरुद्ध राज्य किंवा केंद्र असा वाद थेट इथेच सुरू होतो. बेळगाव सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा दावा 2004 सालचा, अनुच्छेद 131 खालचा. मूलभूत हक्क मोडला तर अनुच्छेद 32. मुंबईच्या फुटपाथवरच्या रहिवाशांचं ओल्गा टेलिस प्रकरण याच वाटेने गेलं. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे तत्त्व 10 जुलै 1985 ला पाच न्यायमूर्तींनी मान्य केलं, आणि पावसाळा उलटल्यावर झोपड्या हटवायला महापालिकेला मोकळीकही दिली. तत्त्व जिंकलं, फुटपाथ गेला. आरेच्या झाडांबाबत तर कायद्याच्या विद्यार्थ्याच्या पत्रावरून 7 ऑक्टोबर 2019 ला, सुट्टीत, विशेष पीठ बसलं आणि तोड थांबवली. तोवर बहुतेक झाडं आडवी झाली होती. हे अपवाद आहेत. एरवी अनुच्छेद 32 घेऊन गेलेल्याला पहिला प्रश्न येतो, “हायकोर्टात का गेला नाहीत?” आणि प्रश्न रास्त आहे, अनुच्छेद 226 खाली मुंबई उच्च न्यायालयाचे अधिकार याबाबतीत जास्त रुंद आहेत.

रोजच्या आयुष्यात उपयोगी पडणारं एक कमी परिचित दार म्हणजे बदली याचिका. नवऱ्याने वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात घटस्फोटाचा दावा लावला आणि बायको मुलाला घेऊन कोलकात्याला माहेरी आहे, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात खटला हलवण्याचा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला. 2019 पासून हे काम एकटे न्यायमूर्तीही पाहतात.

नाही म्हटल्यावर

परवानगी नाकारली की 30 दिवसांत पुनर्विलोकन याचिका टाकता येते. ती त्याच न्यायमूर्तींकडे जाते, बहुधा त्यांच्या दालनात, वकिलाला न ऐकता (फाशीच्या प्रकरणात मात्र 2014 पासून खुली सुनावणी). डोळ्यांना दिसणारी चूक असेल तरच उपयोग. जुनाच युक्तिवाद नव्या शब्दांत मांडून काही होत नाही. त्यानंतर उपचारात्मक याचिका, 2002 च्या रूपा हुरा निकालाने उघडलेली फट. तीन ज्येष्ठतम न्यायमूर्ती आणि मूळ निकाल देणारे ती पाहतात, सिनियर वकिलाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. गिरगावच्या खोलीसाठी इथपर्यंत जाणं म्हणजे वकिलांना पोसणं. त्याआधी एक वाट तपासावी: एसएलपी कारण न देता फेटाळली गेली असेल तर उच्च न्यायालयात पुनर्विलोकन मागायला आडकाठी नाही.

आणि हे सगळं दिल्लीतच का? अनुच्छेद 130 म्हणतो की राष्ट्रपतींच्या मान्यतेने सरन्यायाधीश ठरवतील तिथे न्यायालय बसू शकतं. विधी आयोगाने 2009 च्या 229 व्या अहवालात घटनापीठ दिल्लीत ठेवून अपिलांसाठी चार विभागीय पीठं सुचवली, त्यात एक मुंबईचं. न्यायालयाने ही कल्पना मानलेली नाही. दूरदृश्य सुनावणीने विमानाचं तिकीट वाचतं, पण 16 किलोमीटरच्या आतला वकील मात्र लागतोच.

शेवटी दिल्लीतून ‘डिसमिस्ड’ आलं तरी ताबा घ्यायला तिथून कुणी येत नाही. अंमलबजावणीचा अर्ज धोबी तलावलाच चालतो, आणि कुलूप उघडणारा बेलिफही तिथलाच.